मेणाखालचं नाव

कावेलच्या गल्लीत, स्टीलच्या डब्यांच्या गोदामाला लागून,
देवळाची मागची खोली.
फादर रोमुआल्दनी पुस्तक पुढ्यात ठेवलं,
हातानं लिहिलेल्या प्रार्थना, ऊदाचा वास,
कसरीनं मुखपृष्ठापासून आरपार नेलेली एक वाट.
‘पान एकशे बारा,’ ते म्हणाले, ‘डाग तेवढा काढा.’

डाग नव्हता. मेण होतं.
नखाएवढं जाड, पिवळं,
एकाच शब्दावर नेमकं बसवलेलं.

पुस्तकासोबत एक वही आली होती,
पास्कू फेर्राव, मेणबत्तीवाला, त्याच्या हिशेबाची.
रविवार : वेदी सहा. राजा एक.
रविवार : वेदी सहा. राजा एक.
नाताळ : वेदी बारा. राजा दोन (उधार).

मुंबईवर तेव्हा निशाण इंग्रजांचं,
पण या देवळाचा पाद्री ठरायचा लिस्बनच्या राजाच्या शब्दानं,
आणि राजाचा हात देवानं धरलेला,
असं पास्कू मानायचा.
वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यानं शिडी काढलीय :
वर देव, देवाखाली राजा, राजाखाली बिशप,
बिशपाखाली विगार, विगाराखाली पास्कू,
पास्कूखाली वाती.
बाजूला, वेगळ्या शाईत, वाकड्या अक्षरात :
अन् मी?
ती मोनीबाय असावी. त्याची बायको.

राजा बोले दळ हाले, काजी बोले दाढी हाले.
ही म्हण त्याला बाजारात कुणी ऐकवली असणार,
कारण खाली त्यानं आपली जोडलीय :
पाद्री बोले, ज्योत हाले.
म्हणून राजा पाहिजे.
आणि राजाला पाद्री कशाला?
रात्री झोप लागावी म्हणून.

ऑक्टोबर १९१०. तार आली.
विशीतला राजा आईला घेऊन बोटीत बसला.
देवानं हात सोडला की राजानं,
तारेत नाही.

रविवार : वेदी सहा. राजा एक.
त्यापुढच्या रविवारी विगारानं चाकू दिला,
प्रार्थनेतलं नाव खरवडून टाक.

मोनी हसली, पास्कू लिहितो.
म्हणाली, त्यांच्या घरच्या पोरीच्या लग्नात
हे बेट आंदण दिलं, माडांसकट, आपल्यासकट,
तेव्हा कुणी आपलं नाव विचारलेलं?
तू त्याचं कशाला जपतोस?

पास्कूचं उत्तर नाही.
फक्त एक नोंद :
मेण, अर्धा तोळा. कशासाठी ते लिहायचं नाही.

पान उजेडात धरलं तेव्हा, खोटं कशाला बोलू,
मला वाटलं राहू द्यावं.
कोण कुणाच्या खाली हे एकदा ठरलेलं असलं
की जिना चढायला बरा पडतो.
आमच्या सोसायटीत आरती संपली
की नगरसेवकाच्या नावाचा जयजयकार होतो,
गणपतीच्या लगोलग, त्याच दमात.
मीही हात वर करते.
मोदक मिळेपर्यंत खाली घेत नाही.

पातं गरम पाण्यात धरलं, पुसलं,
कडेनं सरकवलं.
मेण अख्खं निघालं.
खाली पान कोरं.
शाई सगळी मेणानं ओढून घेतलेली,
नाव आता मेणाच्या पोटाला, उलटं,
आरशाशिवाय न वाचता येणारं.
आणि वरच्या अंगाला अंगठा.
रुंद. एका बाजूनं भाजल्याचा वण.
शंभरावर वर्षं दाबून धरलेला.

‘गेला ना डाग?’ फादरनी दारातून विचारलं.
गेला.

बिलात लिहिलं : पान एकशे बारा, सफाई.
मेणाचं काय केलं
ते लिहायचं नाही.